टेकू

टेकचंद हे नाव शाळेच्या दाखल्यावर.
घरात टेकू.
गावात काय काय म्हणत,
ते मी या कागदावर आणत नाही.

सात वर्षांचा होईस्तोवर बोलला नाही.
बोलला तेव्हा आकडा बोलला :
"एकशे चौदा."
आई चुलीपुढून उठून आली.
ओसरीवरची कवेलं होती ती,
एक फुटकं धरून.

मग अंगारा, मग ताईत,
मग नागपूरला नेलं, मेडिकलात.
डॉक्टर म्हणाले, स्वमग्न.
परतीच्या एसटीत मी तो शब्द उलटापालटा करत बसले.
स्वतःत मग्न? हा?
हा तर खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबांत.
साकोली येईस्तोवर
एकही खांब त्यानं एकटा सोडला नाही.

तीस वर्षं आम्ही फॉर्म भरले.
नजर देत नाही : हो.
बटण लावत नाही : हो.
व्यवहार कळत नाही : हो, हो.
आईचा अंगठा प्रत्येक पानाखाली
गुन्हा कबूल केल्यासारखा.

मग तालुक्याला एक कुंभरेबाई आल्या.
त्यांनी पेन खाली ठेवलं, विचारलं,
"याला काय येतं?"
आई माझ्याकडे पाहू लागली,
जणू पोस्टमननं भलत्याच घरचं पत्र दिलं.
मग हळूच म्हणाली,
"याले ना बाई, पानी समजते."
आणि पाऊण तास बोलत राहिली.
बाहेर रांगेतल्या कुणी दार वाजवलं,
तरी थांबली नाही.

आता टेकू तलावाच्या पाळीवर उभा असतो,
मासेमार सोसायटीच्या कामावर. पगारी.
बीजवाला गाडी घेऊन येतो,
फुगलेल्या पिशव्या, आत रोहू-कतल्याची बोटुकली.
"पाचशेची पिशवी. घ्या मोजून," म्हणून हसतो.
टेकू पिशवी उन्हाकडे धरतो.
"चारशे सदुसष्ट."
पहिल्या वर्षी भांडण झालं,
घमेल्यात ओतून एक-एक मोजली.
चारशे सदुसष्ट.
दुसऱ्या वर्षी बीजवाला हसला नाही.

सोसायटीनंही शिकून घेतलं थोडं.
मागून हात लावायचा नाही.
जर्मनची घमेली आपटायची नाहीत.
काम बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचं,
आणि एकदा सांगितलं की फिरायचं नाही.
अध्यक्ष गोविंदा मारबते म्हणतो,
"असं तर मलेही आवडते गा.
मले कोनी इचारलंच नाही."

सगळं गोड झालं असं नाही.
लग्नसराईत डीजे वाजला की
तो धानाच्या ढोलीत जाऊन बसतो, कान दाबून,
मी बाहेर, झाकण अर्धं धरून,
हात भरून येईस्तोवर.
चिडतेही. एकदा हात उगारला होता,
तेही लिहून ठेवते.

आई पौषात गेली.
बायका मला कवेत घेऊन म्हणाल्या,
आता तूच याचा टेकू.
तो ओसरीत वर बघत उभा होता.
मला वाटलं, कवेलं मोजतो.
आलेल्या माणसांचे जोडे त्यानं केव्हाच
जोडीनं लावून ठेवले होते,
कुणाचा कुणाशी बदलला नाही.

परवाची गोष्ट.
चहा पिताना, भिंतीकडे बघत,
"एक्केचाळीस," म्हणाला.
काय एक्केचाळीस? पिशव्या? कवेलं?
उत्तर न देता तो पाळीकडे निघून गेला.
अंथरूण उचलायला गेले तर
उशाशी पाण्याचा गडवा, काठोकाठ,
वर झाकण.
मी ठेवला नव्हता.
मी तर रात्रभर खोकत होते.

आज सकाळी म्हणाला, अठ्ठावीस.
औषध लागू पडतंय म्हणायचं.